नदीकडचं दार

लाक्रवा फॉल्स, मेन
बुधवार, ९ फेब्रुवारी १९७७

प्रिय बर्नी,

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. आमच्या लाइनीवर अजून चार घरं आहेत, आणि समोरची मादाम क्लूतिए रिसीव्हर उचलून सगळं ऐकते, वर मधेच खोकतेही. तिला ऐकवण्यासारखं हे नाही.

आधी एवढं वाच: मामा ठीक आहेत आणि तुझा भाऊ ल्यूसियनही ठीक आहे. त्याचे फक्त हात सोलवटलेत. काल कागदाच्या गिरणीत आग लागली होती.

तू नेहमी चिडवतेस ना, की गळ्यात दोन डबे अडकवून दिवसभर गाव उंडारायचं, याला काय नोकरी म्हणतात? मग कालचा दिवस ऐक.

सकाळी साडेसहाला शून्याखाली बावीस. एवढ्या थंडीत फिल्म काचेसारखी तडकते, म्हणून एक कॅमेरा कोटाच्या आत पोटाशी धरून निघाले. आई म्हणते, त्यापेक्षा मूल झालं असतं तर बरं. हमरस्त्यावर दुधाचा ट्रक उलटला होता आणि ओढ्यापर्यंत दूध गोठून त्याची पांढरी वाट झाली होती. ड्रायव्हर धडधाकट. म्हणतो, "माझा नको, ट्रकचा काढ. बायकोला वाटतंय मी गाडी हळू चालवतो." दहा वाजता वृद्धाश्रमात मादाम युजेनीचा शंभरावा वाढदिवस. मी म्हटलं, जरा हसा. तर म्हणाली, "दात नाहीत. आणि असते तरी तुझ्या पेपराला दाखवले नसते." मी तसाच काढला, तोंड घट्ट मिटलेला. या महिन्यातला माझा सगळ्यात चांगला फोटो तोच ठरला असता.

दुपारी आईकडे कुट्टूची धिरडी खात होते, तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. एक वाजून चाळीस मिनिटं. आपल्या गावात भोंगा कधी होतो हे कुत्र्यांनाही ठाऊक आहे, आणि एक चाळीसला तो कधीच होत नाही. आईनं तवा उतरवला आणि एवढंच म्हणाली, "टोपी घाल."

मोठ्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. वाद घालत बसले असते तर तिथेच संध्याकाळ झाली असती. मी मागे फिरले, पुलाखाली उतरले आणि गोठलेल्या नदीवरून चालत गिरणीच्या मागच्या अंगाला गेले. कागद सुकवतात त्या खोलीचं नदीकडचं दार आठवतं? लहानपणी आपण तिथे मामांना डबा द्यायचो. त्या दाराखालून धूर येत होता आणि आतून माणसं दार बडवत होती. दाराला बाहेरून साखळी होती, बर्नी. कुलूप घातलेली.

ल्यूसियन कुऱ्हाडीनं ती साखळी तोडत होता. अंगात नुसता सदरा. दोघं जण दार खेचून धरत होते आणि तो घाव घालत होता. मी अकरा फोटो काढले. तू विचारणार, मदत का नाही केलीस? चौथ्या माणसाला तिथे हात घालायला जागा नव्हती. मी पुढे गेले असते तर कुऱ्हाड मलाच लागली असती. हे मी स्वतःला काल रात्रीपासून सांगतेय आणि ते खरं आहे, तरी अजून सांगावंच लागतंय.

बाराव्या की तेराव्या घावाला साखळी तुटली. नऊ जण बाहेर आले. ऑरेल डेग्ल आणि फर्नां प्लूर्द आले नाहीत.

ऑफिसात फिल्म धुतली. ओला फोटो वॉल्टनं, म्हणजे आमच्या संपादकानं, दिव्याखाली धरला. मग म्हणाला, "पहिलं पान. पाच कॉलम." तासाभरानं मालक प्रेस्कॉट जिना उतरून आले, पान पाहिलं आणि तो फोटो पानावरून उतरवायला लावला. आजच्या अंकात काय आहे सांगू? मोठ्या फाटकातून जाणारा अग्निशमन दलाचा बंब. स्वच्छ, चकचकीत, नाताळच्या कार्डासारखा. खाली लिहिलंय, 'गिरणीच्या तत्परतेमुळे मोठा अनर्थ टळला.' आणि डेग्लच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. माणूस मेला तरी यांना त्याचं नाव धड लिहिता येत नाही.

पण मी गप्प बसणार नाही. आणि ल्यूसियनचा मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! तू त्याला पत्र टाक.

तुझी,
ओडील

००

हार्टफर्ड, कनेक्टिकट
सोमवार, १४ फेब्रुवारी

प्रिय ओडील,

तुझं पत्र हॉटेलच्या मुदपाकखान्यात उभ्या उभ्या वाचलं. शेजारी सूप उतू गेलं तेही कळलं नाही. ऑरेल डेग्लनं मला सायकल शिकवली होती. त्याच्या बायकोला, रोझ-आल्माला, काय लिहावं सुचत नाहीय.

ल्यूसियनशी बोलले. त्याला बोलवत नाही. तू त्याचं कौतुक करू नकोस, निदान सगळ्यांसमोर तरी नको. तुला माहितीय, तो पहिल्यापासून बुजरा. नोव्हेंबरात मुकादम झाला तेव्हाही घरी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, झानीनलासुद्धा, पगाराच्या दिवशी कळलं.

एक विचारू? तो फोटो किती जणांनी पाहिलाय? त्यात ल्यूसियनचा चेहरा दिसतो का? आणि साखळी, ती नीट दिसते, की नुसती असावी असं वाटतं? धुरात कधी कधी भलतंच दिसतं.

आणि हे बघ, प्रेस्कॉट छापत नाही म्हणतो तर राहू दे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? अर्धं गाव गिरणीवर जगतं. गेलेली माणसं फोटोनं परत येणार नाहीत. लहानपणी तू फादरच्या टोपीत बेडूक ठेवला होतास, शिक्षा मात्र मला झाली होती. तू पेटतेस आणि चटके भलत्यालाच बसतात.

आत्याला माझा नमस्कार. टोपी घालत जा.

तुझी,
बर्नी

००

लाक्रवा फॉल्स
शनिवार, १९ फेब्रुवारी

प्रिय बर्नी,

धुरात भलतंच दिसतं? माझी भिंगं तुझ्या चष्म्यापेक्षा बरी आहेत. साखळी दिसते. एकेक कडी मोजता येते. कुलूप दिसतं. ल्यूसियनचा चेहरा दिसतो, त्याचे दातसुद्धा. पाहिला तो फक्त वॉल्टनं, प्रेस्कॉटनं आणि मी. पण तू हे का विचारलंस ते कळलं नाही.

मंगळवारी चर्चमध्ये दोघांचा अंत्यविधी झाला. जमीन गोठलेली, म्हणून पेट्या वसंतापर्यंत चॅपलमागच्या कोठीत ठेवल्यात. रोझ-आल्मा रडली नाही. ल्यूसियन शेवटच्या बाकावर होता. मी हात केला तर त्यानं मान फिरवली. हाताला अजून पट्ट्या आहेत. दुःख एकेकाला असं मुकं करतं.

बुधवारी गिरणीचं पत्रक निघालं, व्यवस्थापक हॅडलींच्या सहीचं: 'नदीकडचे दार कधीही बंद नव्हते. कामगार घाबरून भलत्या दिशेला धावले.' म्हणजे ऑरेल मेला तो स्वतःच्या मूर्खपणानं! अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत काम केलेला माणूस दार चुकला!

आम्ही ते जसंच्या तसं छापलं.

गुरुवारी प्रेस्कॉटनी मला वर बोलावलं. खुर्ची दिली, तेव्हाच ओळखलं.

"ओडील, त्या दिवसाच्या निगेटिव्ह मला आणून दे."

"कशाला?"

"सुरक्षित राहाव्यात म्हणून. फिल्म पेपरची आहे."

"कॅमेरा माझा आहे. आणि नदीवरून चालत गेले ते पाय माझे आहेत."

ते हसले. मग म्हणाले, "आपला पेपर ज्या कागदावर छापतो, तो कागद कोण बनवतं?"

मी म्हटलं, "ऑरेल डेग्ल बनवायचा."

हसू मावळलं. म्हणाले, सोमवारपर्यंत दे, नाहीतर ती चोरी समजेन. मी म्हटलं, "चोरीच समजा. पण पोलिसांत जाल तेव्हा नेमकं काय चोरीला गेलं तेही सांगावं लागेल. दार कधी बंदच नव्हतं, तर मग फोटो कसला?"

जिन्यात वॉल्ट उभा होता. माझ्याकडे न बघता पुटपुटला, "घरी ठेवू नकोस." त्या आता कुठे आहेत हे मी तुलाही सांगत नाही.

पत्रक वाचल्यावर तुलाही संताप येईल. ल्यूसियननं पुढे यायला हवं. त्यानं स्वतःच्या हातानं साखळी तोडलीय, त्याच्या शब्दापुढे हॅडली काय बोलणार? तू सांग त्याला. तुझं तो ऐकतो.

तुझी,
ओडील

००

हार्टफर्ड
गुरुवार, २४ फेब्रुवारी

ओडील,

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक.

साखळी ल्यूसियननंच लावली होती.

आता ओरडू नकोस, पुढे वाच. माणसं सिगारेट ओढायला नदीकडे जातात, यंत्रं थांबतात, म्हणून जानेवारीत हॅडलीनं त्याला बोलावून सांगितलं, दार बंद कर. ल्यूसियन म्हणाला, आग लागली तर? हॅडली म्हणाला, मुकादम तू आहेस की दुसरा शोधू? त्यानं लावली. कागद नाही, सही नाही, खोलीत तिसरा माणूस नाही. किल्ली हॅडलीनं स्वतःकडे ठेवली. आग लागली तेव्हा ल्यूसियन आधी किल्लीसाठी ऑफिसकडे धावला. तिथे कुणी नव्हतं. मग त्यानं कुऱ्हाड उचलली.

हे मला त्यानं त्याच दिवशी संध्याकाळी फोनवर सांगितलं, तुझं पत्र यायच्या आधी. मी तुझ्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. मला तो तुझ्या तत्त्वापेक्षा मोठा आहे. त्याच्या पोरी चार आणि सहा वर्षांच्या आहेत. तू फोटो बाहेर काढलास की पहिला प्रश्न हाच येणार, साखळी कुणी लावली? आणि हॅडली बोट कुणाकडे दाखवेल? मोठी माणसं कधी बुडालीत का? बुडतो तो मधला.

त्या निगेटिव्ह जाळ. हात जोडते. आपण एका ताटात जेवून वाढलो. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

बर्नी

००

लाक्रवा फॉल्स
मंगळवार, १ मार्च

बर्नी,

तुझं पत्र चुलीत टाकलं. निगेटिव्ह टाकणार नाही.

मी तीन दिवस कुणाशी बोलले नाही. आईनं विचारलं, पोट बिघडलंय का? मी हो म्हटलं.

तू मला दोन आठवडे आंधळी ठेवलंस. मी इकडे त्याच्या शौर्याचे गोडवे गाते आणि तू तिकडे विचारतेस, साखळी नीट दिसते का! राग आला. पण तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि त्याचा राग अजून जास्त आला.

तू म्हणतेस बुडतो तो मधला. खरंय. पण सगळ्यात खाली कोण आहे? चॅपलमागच्या कोठीत पेट्यांत पडलेत ते. त्यांना तर गिरणीनं मूर्ख ठरवून टाकलं. रोझ-आल्माला दुकानात लोक विचारतात, "ऑरेलला दार सापडलं नाही का गं?" हे ऐकूनही मी काडी लावू? माझ्याच्यानं होणार नाही. तू मला जन्मभर पत्र पाठवलं नाहीस तरी होणार नाही.

एवढं मात्र करते. कुणालाही दाखवण्याआधी फोटो त्याला दाखवीन. आपल्याबद्दल काय बाहेर पडणार आहे ते त्याला आधी कळायला हवं. गुरुवारी त्याच्याकडे जातेय. हे तुला कळवतेय, परवानगी मागत नाहीय.

ओडील

००

हार्टफर्ड
सोमवार, ७ मार्च

ओडील,

झानीनचा फोन आला. तू गुरुवारी येऊन गेलीस. तू काढलेला फोटो घेऊन ल्यूसियन रात्रभर खुर्चीत बसला होता. शनिवारी पहाटे ट्रक घेऊन निघून गेला. कुठे ते सांगितलं नाही. आज सोमवार. बंदूकही घरात नाही.

त्याला काही झालं तर तो फोटो माझ्या दारात आणू नकोस आणि स्वतःही येऊ नकोस.

बर्नाडेट

००

लाक्रवा फॉल्स
सोमवार, १४ मार्च

बर्नी,

तार मिळाली असेलच: 'ल्यूसियन सुखरूप.' आता सविस्तर.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आणि मामा शोधायला निघालो. मामांना काय सांगायचं हा प्रश्न होता. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "तळ्यावर असेल. लग्नाच्या आदल्या दिवशीही तिथेच पळाला होता." बर्फावर मासे धरायच्या खोपटात होता. बंदूक कोपऱ्यात होती, न भरलेली. लांडग्यांसाठी आणली म्हणाला. कुठले लांडगे! मामांनी ती ट्रकमध्ये नेऊन ठेवली आणि आत येऊन त्याच्या शेजारी बसले. बापलेक तासभर बर्फातल्या भोकाकडे बघत बसले. मी कॅमेरा नेला नव्हता.

शेवटी ल्यूसियन मला म्हणाला, "तुला सोपं आहे. तू नुसतं बटण दाबलंस."

मी म्हटलं, "हो. तू काय करणार आहेस?"

त्यानं टोपी उचलली आणि आमच्याबरोबर घरी आला.

दरम्यान प्रेस्कॉटनं मला काढून टाकलं. डार्करूमची किल्ली परत मागितली. वॉल्टनं ती माझ्याकडून घेतली आणि आपल्या हातानं परत माझ्या खिशात टाकली. म्हणाला, "शनिवारपर्यंत कुलूप बदलायला माणूस मिळणार नाही असं दिसतंय." त्या चार दिवसांत मी अकराही फोटो मोठे करून घेतले. बोटं फोटो धुण्याच्या औषधानं पिवळी झालीत.

मग रोझ-आल्माकडे गेले. आधी तिला दाखवल्याशिवाय गावाला दाखवणं बरोबर नव्हतं. साखळी कुणी लावली ते मी बोलले नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं. तिनं अकराही पाहिले. विचारलं, "ऑरेल कशात आहे का?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "आहे. दारापलीकडे आहे. लाव."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये घेवड्याचं जेवण. निम्मं गाव येतं, तुला माहीतच आहे. मी फादर द्युबेंकडे परवानगी मागितली, तर म्हणाले, "मला भट्टीवर लक्ष ठेवायचंय. पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नाही." म्हातारा खमक्या आहे. मी आणि आईनं भिंतभर फोटो टांगले. माणसं ताटं घेऊन आली आणि ताटं हातात तशीच राहिली. कुणी जेवेना. हॅडलीचा उजवा हात तो मर्फी, तोही आला होता. त्यानं पुढे होऊन एक फोटो उपटला. आईनं त्याच्या मनगटावर डाव ठेवला, घेवड्यात बुडवलेला, गरम. "परत लाव," म्हणाली. "बाप्तिस्म्याच्या दिवशी तू माझा झगा ओला केलास, तेव्हा लहान होतास म्हणून सोडलं."

त्यानं परत लावला. मग कुणीतरी मोठ्यानं विचारलंच, "पण साखळी लावली कुणी?"

"मी."

ल्यूसियन दारात उभा होता. टोपी हातात. कधी आला कुणाला कळलं नाही. "मी लावली," म्हणाला. "हॅडलींनी सांगितलं, मी लावली. नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही."

रोझ-आल्मा पहिल्या बाकावर होती. ती उठली, वळली. मला वाटलं थोबाडीत मारते. ती म्हणाली, "परत सांग. मोठ्यानं. मागे ऐकू गेलं नाही."

त्यानं परत सांगितलं. मोठ्यानं.

मग ती हॉलमधून निघून गेली. त्याच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता.

बर्नी, तू म्हणालीस चटके भलत्यालाच बसतात. मी तिथे उभी राहून ते पाहिलं. मामा त्याच्या पाठीमागे उभे राहिले, आधाराला नाही, फक्त उभे राहिले. सोमवारी, म्हणजे २१ तारखेला, राज्याकडून चौकशीला माणसं येतायत. शाळेच्या जिममध्ये. तू ये किंवा नको येऊस. तुझी जागा धरून ठेवते.

ओडील

००

लाक्रवा फॉल्स
मंगळवार, २२ मार्च

बर्नी,

तुझी खुर्ची रिकामी राहिली. मी तिच्यावर कॅमेऱ्याची पिशवी ठेवली होती.

काल चौकशी झाली. राजधानी ऑगस्टाहून तिघं आले होते, अध्यक्ष एक सडपातळ बाई. गिरणीचं पत्रक तोवर हवेत विरलं होतं. दार बंद नव्हतं असं म्हणायची आता कुणाची छाती नव्हती. तुझं भाकीत खरं ठरलं. गिरणीचा वकील उठला आणि म्हणाला, "ही साखळी मुकादमानं आपल्या मनानं लावली. व्यवस्थापनाला माहिती नव्हती. कुलूप त्याचं, किल्ली त्याच्याच ताब्यात." हॅडली मान हलवत होते. ल्यूसियन म्हणाला, किल्ली माझ्याकडे नव्हती. वकील म्हणाला, "पुरावा?"

खरंच, ल्यूसियन पुरावा कसला देणार?

त्या क्षणी मला वाटलं, बर्नीचं ऐकायला हवं होतं. शपथेवर सांगते, वाटलं.

तेवढ्यात रोझ-आल्मा उभी राहिली. अध्यक्षबाई म्हणाल्या, तुमचा नंबर नंतर. ती म्हणाली, "माझा नंबर आठ फेब्रुवारीलाच लागून गेला." आणि टेबलावरचा मी मोठा केलेला कुऱ्हाडीचा फोटो उचलून तिनं वकिलाच्या नाकासमोर धरला. "बघा याच्याकडे. शून्याखाली बावीस आणि हा नुसत्या सदऱ्यात. हात फुटलेत. तेरा घाव घातले यानं. किल्ली खिशात असलेला माणूस कुऱ्हाड कशाला मारेल?"

वकील हातातले कागद चाळायला लागला.

अध्यक्षबाईंनी फोटो मागून घेतला. भिंग मागवलं. मला विचारलं, किती वेळ काढत होतात? मी निगेटिव्हची पट्टी दिली, अकरा चौकटी, क्रमानं. पहिल्यात साखळी अख्खी, अकराव्यात तुटलेली, आणि कुलूप तसंच बंद लोंबतंय. त्यांनी एकेक चौकट पाहिली. मग हॅडलींकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "किल्ली कुठे होती?"

त्यांनी वकिलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या टेबलाच्या खणात."

मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मी मागे पाहिलं नाही, कॅमेरा डोळ्याला होता. हॅडलींचा फोटो मी त्याच क्षणी काढला. बँगरच्या एका पेपरानं आज तो छापलाय, शेजारी कुऱ्हाडीचाही. पाच कॉलम. डेग्लचं आणि प्लूर्दचं स्पेलिंग मी फोनवर तीनदा वाचून दाखवलं होतं. मादाम क्लूतिए ऐकत होती. मी नाव चुकले तर तिनंच दुरुस्त केलं.

हॅडलींवर आता खटला होणार. ल्यूसियनची मुकादमी गेली आणि गिरणीतलं कामही गेलं. तो सुटला असं म्हणता येत नाही. रोझ-आल्मा त्याच्याशी बोलत नाही, बोलेल असंही वाटत नाही. तिनं खरं होतं ते सांगितलं, एवढंच. काल बाहेर पडताना तो तिला "आभारी आहे" म्हणाला. ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही केलं."

पण झानीन सांगत होती, काल तो जेवला आणि झोपला. आग लागल्यापासून पहिल्यांदा.

मला अजून काम नाही. आज सकाळी तरीही कॅमेरा घेऊन निघाले. नदीचा बर्फ फुटायला लागलाय, आणि तो कुणीतरी टिपायला हवा.

लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

ओडील

००

हार्टफर्ड
शनिवार, २ एप्रिल

प्रिय ओडील,

शिव्या लिहायला चारदा बसले. जमेना.

तू ऐकलं असतंस तर माझा भाऊ ते सगळं एकटाच डोक्यावर घेऊन मेला असता, आणि काडी मी लावली असती. हे लिहायला मला अकरा दिवस लागले. चौकशीला आले नाही, कारण त्याला तिथे उभं बघायची हिंमत नव्हती. रजेचं कारण सांगणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलून झालंय तेवढं पुरे.

आता माझं ऐक. आमच्या मुदपाकखान्याचं मागचं दार आहे, गल्लीकडचं. नऊ वर्षं मी तिथे राबतेय. लोणी चोरीला जातं म्हणून त्या दाराला साखळी असते. नऊ वर्षं मी तिच्या शेजारी कांदे चिरले आणि मला ती कधी दिसली नाही. परवा दिसली.

मी मॅनेजरला म्हटलं, काढा. तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघा, तोवर मी शेगडी पेटवत नाही. तो म्हणाला, तुझ्या जागी दहा जणी मिळतील. मी एप्रन सोडून टेबलावर ठेवला आणि बसले. मग पोर्तुगालची इनेस आली, तिनं तिचा ठेवला. मग भांडी घासणारी डोलोरेस. सकाळचे साडेसहा, वरती दोनशे माणसं नाश्त्याची वाट बघतायत आणि खाली सात एप्रन टेबलावर. मला भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती. बेडूक टोपीत ठेवताना तुला असंच वाटलं होतं का गं?

सात वाजून वीस मिनिटांनी तो स्वतः पक्कड घेऊन आला.

आज सकाळी दार नुसतं लोटलेलं होतं. गार वारा सरळ आत येत होता आणि सगळ्याजणी माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. मी म्हटलं, स्वेटर घाला.

तुझी,
बर्नी